आमेन होईपर्यंत

"डोळे मिटा," नथानिएल समुद्रे म्हणाला आणि सतरंजीवर बसलेल्या तिघांनी मटणाच्या डब्याकडं शेवटचं बघून घेतलं.

शेवटचं म्हणजे पुढच्या दहा-बारा मिनिटांपुरतं. जेवणाआधी आशीर्वाद मागायला इतर ख्रिस्ती घरांत अर्धं मिनिट पुरतं. अन्नासाठी आभार, रांधणाऱ्या हातांना बळ दे, आमेन, की हात ताटात. नथानिएलची प्रार्थना तशी नव्हती. ती पावसापाण्यापासून सुरू व्हायची, चर्चच्या मंडळीतल्या आजाऱ्यांची नावं घेत पाळकसाहेबांच्या गुडघ्यावर यायची, तिथून कागलच्या एमआयडीसीत त्याच्या कारखान्यात शिरायची, साहेबाच्या रागाची चौकशी करायची आणि मग कुठं जेवणाकडं वळायची. गेल्या नाताळात सासुरवाडीला, गडमुडशिंगीत, त्याचा मेहुणा विश्वजित भर प्रार्थनेत म्हणाला होता, "दाजी, आमेन म्हणा आता, रश्शावर चरबी गोठली." त्या दिवसापासून नथानिएल त्या घरात जेवायला बसला नव्हता. दर रविवारी चर्चमधली भक्ती सुटली की बायको, दोन पोरं आणि तो, असे चौघं एका स्कूटरवरून गडमुडशिंगीला जायचे. सासूबाई मटणाचा डबा आणि पांढऱ्या रश्शाची किटली दारातच हातात द्यायच्या. ते घेऊन चौघं कळंब्याच्या तळ्यावर यायचे आणि बांधाखाली एका जुन्या नांदरुकीच्या झाडाच्या सावलीला सतरंजी टाकायचे.

घरी नेऊन का खात नव्हते? तेच तर सगळं दुखणं होतं.

कोल्हापुरात मटण हा धर्म आहे असं सगळं गाव छातीवर हात मारून सांगतं. भाड्यानं घर शोधायला बाहेर पडलं की कळतं, हा धर्म फक्त स्वतःचं घर असणाऱ्यांचा आहे. नथानिएलनं अकरा घरं बघितली होती. पहिला प्रश्न आडनावाचा. आडनाव सांगितलं की, "म्हणजे नक्की कोण?" ख्रिस्ती म्हटलं की, "मराठी किती चांगलं बोलता हो." नथानिएलचा पणजा याच शहरात मिशनच्या शाळेत मास्तर होता. विचारणाऱ्याचा आजा कदाचित त्याच्याच हाताखाली मुळाक्षरं शिकला असेल. पण घर हवं असलेला माणूस असलं काही बोलत नाही. तो हसतो. आणि मग शेवटचा प्रश्न, "खाता काय?" हा प्रश्न दोन अशा मालकांनी विचारला, ज्यांच्या स्वतःच्या अंगणात कोंबड्या फिरत होत्या. एक घरमालक ख्रिस्तीच होता. त्यानं मटणाचं काही विचारलं नाही. त्यानं नथानिएलची प्रार्थना ऐकली होती, म्हणून घर दिलं नाही.

बारावं घर तवनाप्पा मगदुमांचं. जैन कुटुंब, खाली मालक, वर भाडेकरू, पाणी भरपूर, पोरांची शाळा चालत जाण्यासारखी. तवनाप्पा झोपाळ्यावर बसून सरळ बोलले होते, "मांस-मच्छी, अंडं, घरात शिजवायचं न्हाय, आणायचं न्हाय. खाली आमचं देवघर हाय. तुम्ही खाता काय?"

अट घरापुरती होती. 'घरात करणार नाही, अण्णा,' एवढं म्हटलं असतं तरी भागत होतं. पण अकरा दारांवरून परत आलेला माणूस गरजेपेक्षा जास्त बोलतो. नथानिएल म्हणाला, "आम्ही? छ्या. आम्ही खातच न्हाय."

त्याची बायको एस्तेर त्याच्याकडं अशी बघत राहिली, जणू शेजारी कुणीतरी परका येऊन बसलाय. पण घराची किल्ली मिळाली.

म्हणून तळं. आणि म्हणूनच प्रार्थनाही लांबली. आधी ती सहा मिनिटांची होती, त्या दिवसापासून बारावर गेली. खोटं बोलून मिळवलेल्या घरात राहणारा माणूस दर रविवारी मटण पुढ्यात ठेवून क्षमा मागू लागला, आणि तीही मोठ्यानं, नावानिशी. पुटपुटून मागितलेली क्षमा त्याच्या बापाला चालत नसे. बाप सुवार्तिक होता, गावोगाव येशूचा उपदेश करत फिरणारा. प्रार्थनेत डोळे उघडणाऱ्याला आणि प्रार्थना मध्ये तोडणाऱ्याला तो एकाच पट्टीनं मारायचा. नथानिएलनं पट्टी टाकून दिली, नियम ठेवला. आमेन होईपर्यंत डोळे मिटलेले, तोंड मिटलेलं. जो उघडेल त्याला मटणातली नळी मिळणार नाही.

जेवण झालं की दुसरा विधी. बागेतल्या नळावर डबा आणि किटली घासायची, लिंबू चोळायचं, प्रत्येकानं चूळ भरायची, बडीशेप खायची आणि एकमेकांचे हात हुंगायचे. आठ वर्षांचा अमोस आईचे, आई पाच वर्षांच्या शालोमचे, शालोम बापाचे. "झालो आपण मगदूम," असं शालोम एकदा म्हणाली होती आणि तिला पाठीत धपाटा बसला होता. तळ्याच्या पलीकडं तुरुंग आहे. घरी जाताना नथानिएल त्या बाजूला बघत नसे.

या सगळ्यात अकरा महिन्यांचा करार पुढच्या महिन्यात संपत होता आणि तवनाप्पांनी नव्या कराराचं नावही काढलं नव्हतं. पुन्हा बारा दारं फिरायची कल्पना आली की नथानिएलच्या पोटऱ्या दुखायच्या.

त्या रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजनाचा विधी होता, त्यामुळं सगळंच लांबलं. सतरंजी पडायला साडेचार वाजले. पोरं सकाळच्या चहा-बटरवर होती. एस्तेरनं शालोमच्या वाटीत पांढरा रस्सा आधीच ओतून ठेवला होता, निवायला. आणि नथानिएल सुरू झाला.

पाऊस झाला. आजारी झाले. पाळकसाहेबांचा गुडघा झाला. कारखान्यात आठ मिनिटं गेली, कारण त्या आठवड्यात साहेब दोनदा ओरडला होता. मग तवनाप्पा अण्णा, खोटं, क्षमा, घर. शेवटी अन्न. "आमेन."

नथानिएल कारखान्यात तपासनीस होता. मोजल्याशिवाय माल पुढं सोडायचा नाही, ही त्याची तिथली सवय घरातही चालायची. त्यानं डोळे उघडले आणि भाकरीची चवड हातात घेऊन डोकी मोजली. एस्तेर, अमोस, पलीकडं लहान डोकं, आणि आपण. चार. त्यानं चार ताटल्यांत भाकरी टाकली. एस्तेरनं पळी भरली आणि लहान ताटलीवर नेली.

ताटलीशेजारच्या हाताला बांगड्या नव्हत्या. निळ्या पट्ट्याचं खेळण्यातलं घड्याळ होतं.

"अहो," एस्तेर म्हणाली. पळी हवेतच.

"वाढ की."

"अहो, हे आपलं न्हाय."

नथानिएलनं वाकून बघितलं. मांडी घालून, हात जोडून, डोळे घट्ट मिटून तवनाप्पांचा नातू अनेकांत बसला होता.

एस्तेरनं आधी तळ्याकडं बघितलं. पाणी शांत होतं. तरी तिच्या हातातली पळी डब्यात परत पडली ती पडलीच. "शालोम कुठं हाय?"

"झालं काय आमेन?" अनेकांतनं डोळे न उघडताच विचारलं.

"झालं बाळा, झालं. शालोम कुठं हाय?"

"आमच्यात." त्यानं डोळे उघडले. "तिकडं, चिंचंखाली. तिला भूक लागली. ती म्हणली, तू माझ्या जाग्याला बस, हलू नको. पप्पा शेवटाला मोजत्यात, चार भरलं पायजेत."

अमोस हसला आणि आईकडं बघून हसायचा थांबला.

"तुमच्यात म्हणजे? कोण कोण आलंय?"

"आज्जा, अव्वा, मम्मी. मी हट्ट केला. शालोमनंच सांगितलंतं, रविवारी आम्ही या झाडाखाली असतोय, तुम्हीबी या. आमच्यात लगीच वाढत्यात, म्हणून ती गेली."

पोरगी पाण्यात नव्हती. एस्तेर "प्रभू," एवढंच म्हणाली. तो दिलासा तिला पुरा मिनिटभरही मिळाला नाही, कारण नथानिएलचं लक्ष शालोमच्या वाटीकडं गेलं होतं. एस्तेरनं काठोकाठ भरलेली वाटी अर्धी झाली होती.

"अनेकांत," नथानिएल आवाज शक्य तितका साधा ठेवत म्हणाला, "तू हितं काय पिलास व्हय, राजा?"

"पिलो की. ताक."

नथानिएलनं वाटीकडं बघितलं. पांढरा रस्सा. खसखस, ओलं खोबरं, आणि त्याखाली बोकडाचं पाणी. पाच वर्षांच्या जैन पोराला ते ताक वाटलं तर त्याचा काय दोष.

"ताक म्हणालास?"

"व्हय. पांढरं."

"आ कर बघू."

"कशाला?"

"दात बघतो. आ कर."

अनेकांतनं तोंड उघडलं. नथानिएलनं त्याच्या तोंडात जवळजवळ नाक घातलं.

"येतोय काय वास?" एस्तेर कुजबुजली.

"काय कळंना. माझ्याच हाताला मटणाचा वास हाय."

"मी हुंगतो," अमोस पुढं आला.

"गप बस तू."

"मी काय म्हणते," एस्तेर म्हणाली, "त्यांना सांगायचं काय?"

"सांगायचं न्हाय काय. मी पोराला सोडतो, पोरगीला घेऊन येतो. पोराला विचारलं कुणी तर ताक पिलो म्हणणार. संपलं."

"म्हणजे आणि एक खोटं."

"मग काय करू? त्यांच्या सात पिढ्यांत कुणी शिवलं न्हाय ते आपण पोराला पाजलं, असं सांगू? घर तर जाईलच, त्यांना त्वांड दाखवायची सोय ऱ्हाणार न्हाय."

एस्तेरनं डब्याचं झाकण लावलं, किटली आणि वाटी त्यावर ठेवली, सगळं मागं ओढलं आणि त्याच्यापुढं पदर पसरून बसली. अमोसला बांधाकडं तोंड करून पहाऱ्याला उभं केलं. नथानिएलनं अनेकांतचा हात धरला आणि चिंचेकडं निघाला. शंभर पावलं असतील. शंभर पावलांत त्यानं तीन वेगवेगळी वाक्यं तयार केली. तिन्ही खोटी होती आणि तिन्ही चांगली होती.

चिंचेखाली आल्यावर त्याला एकही वाक्य वापरता आलं नाही.

पट्ट्यापट्ट्यांच्या चादरीवर तवनाप्पा मगदूम, त्यांची बायको अंजनाकाकू आणि सून ऐश्वर्या गोल करून बसले होते. मध्ये धपाट्यांची चवड, दह्याचा मातीचा सट, शेंगदाण्याची चटणी. कुणीही खात नव्हतं. तिघांचे डोळे मिटलेले होते, हात जोडलेले होते. आणि मध्ये उभी राहून, फ्रॉकच्या खिशाशी हात जोडून, शालोम प्रार्थना करत होती.

पोरगी प्रार्थनेला कंटाळून पळाली होती. पण पुढ्यात धपाटं आल्यावर आशीर्वाद मागितल्याशिवाय तिला घास तोडता येईना. ते तिच्या अंगातच होतं. आणि तिला प्रार्थना येत होती एकच. बापाची. त्यात नसलेला शब्द तिच्या तोंडात नसायचा आणि त्यात असलेला एकही सुटायचा नाही.

"...आणि पाळकसाहेबांच्या गुडघ्याला हात लाव, प्रभू. डाव्या. आणि कागलच्या साहेबांचा राग कमी कर. त्यांना घरात तरास असंल तर तोबी कमी कर..."

पुढं काय येतं ते नथानिएलइतकं कुणालाच माहीत नव्हतं. दोन पावलं पुढं टाकून पोरीला उचललं असतं तर सगळं तिथंच थांबलं असतं. पण चालू प्रार्थना तोडायची कशी? चाळीस वर्षं झाली, तरी बापाची पट्टी त्याच्या तळहाताला आठवत होती. पाय हलेनात. शेजारी अनेकांतनं सवयीनं हात जोडले, डोळे मिटले. नथानिएलनंही मिटले. फासावर जाणारा मिटतो तसे.

"आणि प्रभू, तवनाप्पा अण्णांना आम्ही खोटं बोललो. आम्ही खातो. लई आवडीनं खातो. दर रविवारी खातो. आम्हाला क्षमा कर. अण्णांचं मन मऊ कर आणि आम्हाला त्या घरातनं काढू नको, कारण बारा घरं बघून माझं पाय गेलं. आणि या अन्नावर आशीर्वाद दे. आमेन."

"आमेन," अंजनाकाकू म्हणाल्या. कुणीतरी म्हणायला हवं म्हणून.

नथानिएलनं डोळे उघडले. तवनाप्पांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसला, परत घातला, आणि त्याच्याकडं बघितलं.

"आलासा व्हय समुद्रे. बसा."

"अण्णा, मी..."

"बसा म्हटलं की. उभ्यानं असलं बोलू न्हाय."

नथानिएल चादरीच्या कडेला, अर्धा गवतावर बसला.

"ही पोरगी आज काय नवीन सांगितली न्हाय," तवनाप्पा म्हणाले. "तुमच्या पोरांच्या खोलीची खिडकी माझ्या झोपाळ्याच्या बरोबर वर हाय. रोज साडेआठला, झोपायच्या आधी, ही पहिल्यापासनं शेवटापर्यंत म्हणती. घसा मोकळा सोडून. तुमच्या पाळकसाहेबांचा गुडघा डावा, हे मला धा महिने माहीत हाय."

"धा महिने?"

"हिला विचारा," त्यांनी बायकोकडं बोट केलं. "ही तर टीव्हीचा आवाज बारीक करती."

"तुमचे साहेब परत वरडले व्हय हो या आठवड्यात?" अंजनाकाकूंनी आस्थेनं विचारलं.

"दोनदा," नथानिएल म्हणाला. "मग अण्णा, तुम्ही बोलला न्हाईसा कधी."

"काय बोलायचं? मी म्हटलो घरात न्हाय. घरात तुम्ही करत न्हाईसा. तळं काय माझ्या बापाचं हाय?" तवनाप्पांनी धपाट्याचा तुकडा मोडला, पण तोंडात घातला नाही. "खोटं बोललासा, त्याचा राग मात्र हाय. हाय म्हणजे हाय. मी वाट बघत होतो, हा माणूस कवा येऊन तोंडानं सांगतोय. रोज देवाला सांगताय. देव वर राहतोय, समुद्रे. मी खालीच राहतो की. जिना उतरला असता तर काम झालं असतं."

नथानिएल म्हणाला, "चुकलं, अण्णा. अकरा दारं फिरलो होतो. पायाबरोबर जीभ पण घसरली."

"अकरा न्हवं? मग प्रार्थनेत बारा कशाला म्हणताय? बारावं माझंच. ते धरायचं न्हाय. कसले तपासनीस तुम्ही."

ऐश्वर्या तोंडाला ओढणी लावून हसली. अंजनाकाकूंनी नथानिएलपुढं धपाट्याची ताटली सरकवली. सगळं मिटलं होतं. आता ताटली घ्यायची, दोन घास खायचे, पोरीला उचलायचं आणि निघायचं. वाटीचं कुणाला माहीत नव्हतं. पोरगा ताकच म्हणणार होता.

नथानिएलनं ताटलीला हात लावला आणि काढून घेतला.

"अण्णा, आणि एक हाय. हे जिना उतरूनच सांगायचं हाय." "अनेकांत आमच्यात बसला होता. शालोमच्या वाटीत मटणाचा पांढरा रस्सा होता. आम्ही डोळे उघडले तर वाटी अर्धी. पोराला विचारलं, तर तो ताक पिलो म्हणतोय. त्याला ते ताक वाटलं असंल. आम्ही पाजलं न्हाय, पण आमच्या ताटातलं हाय. मला सांगायला पायजे."

ऐश्वर्याचं हसू गेलं. तिनं अनेकांतला ओढून मांडीवर घेतलं. अंजनाकाकूंचा चटणी वाढणारा हात तसाच राहिला. तवनाप्पांनी हातातला तुकडा खाली ठेवला, आणि ते ठेवणं नथानिएलनं अकरा दारांवर ऐकलेल्या सगळ्या नकारांपेक्षा वाईट होतं.

"ते मी पिलो," शालोम म्हणाली.

ती धपाटं हातात घेऊन उभी होती. सगळे तिच्याकडं वळले.

"काय पिलीस?"

"वाटीतलं. निम्मं."

"कधी?"

"तुम्ही पावसाचं म्हणत हुता तवा. डोळं उघडून. मग आजाऱ्यांची नावं आली. ती लई असत्यात, म्हणून मी हळूच गेलो आणि याला बसवलं." तिनं बापाकडं बघितलं. "आता नळी मिळणार न्हाय काय?"

"आणि ताक?" नथानिएलनं अनेकांतला विचारलं.

"मम्मीनं दिलंतं. हितनं जाताना."

"दिलंतं की मी," ऐश्वर्या म्हणाली आणि तिचा आवाज एकदम वर गेला. "पेलाभर दिलंतं. शालोम खेळायला न्यायला आली तवा तो पेला तोंडालाच होता याच्या. हे बघा, शर्टावर सांडलंय."

"त्या वाटीला वास येत हुता," अनेकांत म्हणाला. "मी तर नाकबी दाबून धरलंतं. पण मग हात जोडता येईनात."

नथानिएलनं शालोमला जवळ ओढलं. "आ कर." तिनं तोंड उघडलं. शंका नव्हती. सासूबाईंच्या हातचा पांढरा रस्सा, खसखस जरा जास्त. पोरीच्या तोंडाला मटणाचा वास आला म्हणून कुठल्याही बापाच्या डोळ्यांत पाणी आलं नसेल. नथानिएलच्या आलं. त्यानं ते गवताकडं बघत पुसलं.

तवनाप्पांनी ठेवलेला तुकडा परत उचलला आणि या खेपेला खाल्ला. सावकाश चावून गिळला.

"शालोम," अंजनाकाकू म्हणाल्या, "जा, नळावर जाऊन तीनदा चूळ भरून ये. मग धपाटं खा. ऐश्वर्या, जा गं हिच्याबरोबर, पाण्याकडं जाईल ती."

दोघी गेल्या. तवनाप्पा म्हणाले, "हे शेवटचं नसतं सांगितलं तरी मला कळलं नसतं."

"व्हय अण्णा."

"म्हणूनच म्हणतो, पुढच्या आठवड्यात नवा करार करून टाकू. एक अट वाढवणार हाय."

"कुठलीही घाला."

"प्रार्थना पाच मिनटांत आटपायची. पोरं उपाशी राहून दुसऱ्याच्या चादरीवर जेवायला जात्यात, चारचौघांत बरं दिसत न्हाय."

"बाकी तुमच्या मंडळी गुणाच्या हो," अंजनाकाकू म्हणाल्या. "दर बुधवारी सांजच्याला उदबत्ती लावत्यात. जिनाभर वास. मी विचारलं, तर म्हणल्या, प्रार्थनेला बसते तवा लावते."

"व्हय, व्हय," नथानिएल म्हणाला. बुधवारी तो जादा कामाला थांबायचा, घरी यायला नऊ वाजायचे. घरात उदबत्तीचा पुडा कधी आला होता हे त्याला आठवेना. पण त्या क्षणी कुणी त्याला त्याच्या घरात हत्ती बांधलाय म्हणून सांगितलं असतं, तरी तो व्हय म्हणाला असता.

तो शालोमला खांद्यावर घेऊन परत आला तेव्हा एस्तेर तशीच पदर पसरून बसली होती. अमोस बांधाकडं तोंड करून उभा होता, पण त्याच्या हातात भाकरीचा तुकडा होता आणि तो मटणाच्या रश्शानं लाल झाला होता.

"काय झालं?" एस्तेरनं विचारलं.

"डबा काढ."

"पोरगं?"

"काय पिलं न्हाय. आपली पिली, पावसाच्या वेळंला."

"आणि घर?"

"घर हाय. नवा करार पुढच्या आठवड्यात. अण्णांना सगळं माहीत होतं, धा महिने. मी सगळं सांगून टाकलं, एस्तेर. आता पोटात काय ऱ्हायलं न्हाय. मोकळा झालो." तो सतरंजीवर असा बसला, जसा माणूस दिवसभर उचललेलं पोतं टाकून बसतो. तळ्यावरून वारा येत होता. त्यानं पलीकडं तुरुंगाच्या भिंतीकडं सरळ बघितलं. साधी भिंत होती.

एस्तेरनं मोठा श्वास सोडला. मग "सगळंच सांगितलं?" म्हणाली आणि डबा पुढं ओढला. मटणाची चरबी पांढरी गोठली होती. कुणी तक्रार केली नाही.

"डोळे मिटा," नथानिएल म्हणाला. अमोस कण्हला.

"प्रभू, आभार. आमेन."

त्यानं डोळे उघडले. अमोसचे मिटलेलेच होते.

"झालं रे."

अमोसनं एक डोळा उघडला. "खरंच? का मधी थांबलाय?"

"झालं. खा. एस्तेर, झालं की गं."

एस्तेरचे डोळे मिटलेले होते. हात जोडलेले होते. "तुमचं झालं," ती म्हणाली. "माझं ऱ्हायलंय." आणि तिनं मोठ्यानं सुरू केलं, कारण त्या घरातली रीतच तशी होती.

"प्रभू, अंजनाकाकूंना मी खोटं बोलले. बुधवारची उदबत्ती प्रार्थनेची न्हाय. ऑम्लेटचा वास जावा म्हणून लावते. पोरं सारखं मागत्यात म्हणून करते, आणि दोन अंडी मी पण खाते. टरफलं बिस्किटाच्या पुड्यात घालून शाळेच्या वाटंवर टाकते..."

चालू प्रार्थना तोडता येत नव्हती. नथानिएल समुद्रेनं आयुष्यात पहिल्यांदा प्रार्थनेत डोळे उघडले आणि पोरांकडं बघितलं. अमोस मान खाली घालून भाकरीला चिकटला होता. शालोम मात्र अगदी नियमानं बसली होती. हात जोडलेले, डोळे घट्ट मिटलेले. तिचे ओठ हलत होते. शब्द सुटू नये म्हणून ती आईच्या मागोमाग पुटपुटत होती.

साडेआठ वाजायला अजून तीन तास होते.